भिंतीतले तीन ठोके

डिप्लोमा झाल्यावर मी धुळ्याला एका बांधकाम ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. साइटवर बाई माणूस हातात टेप घेऊन फिरतंय हे बघायला रस्त्यावरची सायकल थांबायची. घर जळगावला, मेहरूणकडे. धुळ्यात मी एका खोलीत राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी जायचे.

मी लागले त्याच वर्षी आमच्या ठेकेदारानं गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी एक कॉलनी बांधली होती. एकमेकांना चिकटून नसलेली, पण एकाच साच्यातली बैठी घरं. टेकडीवर पाण्याची मोठी टाकी, त्यामुळे खालच्या घरांना पाणी जोरात यायचं. लोकांना त्याचं कौतुक होतं. इतर वस्त्यांत पाणी चढत नाही म्हणून नळाखाली खड्डे खणून बादल्या भरत, आणि इथे नळ उघडला की बादलीतलं पाणी उसळून परकर भिजायचा.

लोक राहायला येऊन दोन वर्षं झाली, तेव्हा एक दिवस ऑफिसात पोस्टकार्ड आलं. कॉलनीतल्या शेवटच्या घराच्या मालकानं लिहिलं होतं. तो एसटीत कंडक्टर होता, धुळे-अमळनेर गाडीवर. अक्षर नीट, तिकिटाच्या हिशेबाला सरावलेलं. ‘आमच्या घराच्या भिंतीत आवाज होतो. घरच्यांनी नळ वापरणे बंद केले आहे. तरी समक्ष येऊन पाहावे ही विनंती.’

ठेकेदार हसला. म्हणाला, “उंदीर असतील. तू जाऊन ये. बाईला बाईनं समजावलेलं बरं.”

जाण्याआधी मी त्या घराचा कागद काढला. नळाच्या कामाची तपासणी झाल्याची सही त्यावर होती, आणि ती माझीच होती. खरं तर गिलावा करण्याआधी भिंतीतला पाइप डोळ्यांनी बघायचा असतो. तो जागोजागी क्लिपांनी घट्ट बसवलाय ना, नळाजवळ हवेची नळी उभी केलीय ना, हे बघूनच सही करायची. ही हवेची नळी म्हणजे पाइपचाच एक उभा तुकडा, वरून बूच मारलेला. त्यात हवा कोंडून राहते आणि नळ झटकन बंद केल्यावर पाण्याचा जो दणका बसतो तो ती पोटात घेते. नियमात हे होतं, आमच्या नकाशातही होतं. पण मी त्या घरी पोचले तेव्हा गिलावा होऊन गेला होता. नळाचं काम घेतलेला माणूस म्हणाला, बाई, सगळं नकाशाप्रमाणे आहे. मी सही केली.

मे महिना होता. त्या कॉलनीत पाणी दुपारी दोनला यायचं. मी पावणेदोनला पोचले तर दाराला कडी. ओट्यावर बसून राहिले. कुठे माणूस दिसत नव्हतं. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. थोड्या वेळानं लांबून एक बाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन येताना दिसली. रस्त्याच्या टोकाच्या हापशीवरून ती पाणी आणत होती. घरात टेकडीवरच्या टाकीचं पाणी असताना.

ती कंडक्टरची बायको. तिशीची असेल. माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. माझ्याशी ती शाळेत शिकलेलं मराठी बोलत होती, पण मधूनच घरची अहिराणी निसटून यायची.

“वहिनी, नळ दाखवता?” मी म्हणाले.

“तुम्हीच जा. मोरी तिकडे शे.” ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबली.

मोरी कोरडी खडखडीत होती. नळाच्या तोंडापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. नळ अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा, आखूड दांड्याचा. ठेकेदारानं सगळ्या घरांना तेच बसवले होते. मी जाळं काढलं, नळ उघडला. आधी हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ धार. दोन मिनिटं वाहू दिलं आणि दांडा झटकन फिरवला.

ठक्.

पहिला ठोका नळाजवळच्या भिंतीत, जड. दुसरा लगेच मधल्या बोळात. तिसरा घराच्या पार मागे, कुठल्या तरी खोलीत, आणि तो सगळ्यात स्पष्ट. घाईचे नव्हते ते ठोके. कुणी तरी दार वाजवावं आणि उघडायची वाट बघावी, तसे होते.

मी शिकलेली होते. हे काय आहे ते मला परीक्षेत लिहिता आलं असतं. तरी माझ्या हातांवर काटा आला. मागे वळून पाहिलं तर ती उंबऱ्यावर नव्हती. बाहेर अंगणात, उन्हात, अनवाणी उभी होती.

तिला आत आणायला वेळ लागला. तिसरा ठोका कुठे वाजला ते मला बघायचं होतं, म्हणून मी मागच्या खोलीत गेले. ती दाराशी उभी राहून बोलत राहिली. खोली रिकामी होती. कोपऱ्यात गुंडाळलेली गादी. उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून दोनेक फुटांवर, चुना खरवडून निघाला होता आणि प्लास्टरला बारीक बारीक खळगे पडले होते. शंभर तरी असतील. सगळे हाताच्या तळव्याएवढ्या जागेत.

“सासूबाईंची खाट तिथे होती,” ती म्हणाली. “अर्धांग झालं होतं. बोलणं गेलं. एक हात चालायचा. काही हवं असलं की फुलपात्रानं भिंत वाजवायच्या. तीनदा.”

दीड वर्ष तिनं त्यांचं सगळं केलं होतं. भिंत वाजली की हातातलं काम टाकून धावायचं. “कधी कधी जाऊन बघावं तर झोपलेल्या असायच्या. मला राग यायचा ताई. वाटायचं, सोंग करतात. मुद्दाम पळवतात.”

मग तिनं तो दिवस सांगितला. ती तीन दिवस माहेरी गेली होती, भावाच्या लग्नाला. तेवढे दिवस नवऱ्यानं रजा काढून आईचं केलं. ती भर दुपारी परत आली, तो दारातच तयार होता. ड्युटीची वेळ झाली होती. तो गेला. तिनं खोलीत डोकावून पाहिलं, सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, छाती हलत होती. पाणी आलं होतं आणि घरात थेंब नव्हता, म्हणून ती लुगडं खोचून मोरीत बसली.

“त्या दिवशी धार बारीक होती. ही करंगळी, एवढी. वरची लाइन फुटली होती म्हणे. हंडा भरता भरत नव्हता. मी धारेकडे बघत बसले होते आणि भिंत वाजली. तीनदा. मी म्हटलं, येते, एवढा हंडा होऊ दे. मोठ्यानं म्हटलं. परत वाजलं नाही. मी म्हटलं, बरं झालं, समजल्या. हंडा भरला, कळशी भरली, मग गेले.”

तोवर सासूबाई गेल्या होत्या.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, घर मोकळं झालं, आणि पहिल्याच दुपारी तिनं नळ बंद केला तेव्हा भिंतीत पुन्हा तीन ठोके पडले, शेवटचा त्या खोलीत. त्यानंतर रोज. नवरा म्हणायचा, काही तरी सैल असेल. तिनं नळच सोडून दिला.

मी तिला ओट्यावर बसवून समजावलं. एसटी जोरात जात असताना ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की उभी माणसं पुढे आपटतात ना, तसं पाइपातलं पाणी आपटतं. पाइप भिंतीत सैल पडलाय, म्हणून तोही हलतो आणि विटेवर बसतो. खोलीच्या भिंतीमागून तोच पाइप वर गच्चीकडे गेलाय, म्हणून आवाज तिथे येतो.

ती लक्ष देऊन ऐकत होती. “पण तीनदाच का?”

“दणका पाइपात पुढे जातो, टोकाला अडतो, परत येतो. पुन्हा जातो. दरवेळी कमी होतो.”

“जातो आणि परत येतो.”

“हो.”

“मग?”

“मग विरतो.”

तिनं मान हलवली, पण नळाला हात लावला नाही. मी निघाले तेव्हा तिनं मला हापशीचं पाणी प्यायला दिलं.

ठेकेदाराला मी सांगितलं की भिंत फोडावी लागेल. तो चिडला. मी म्हणाले, सही माझी आहे, चूक माझी आहे, आता नीट करू द्या. नाही तर एक दिवस पाइपाचा सांधा सुटेल आणि भिंत पाणी पिऊन बसेल. ही भीती त्याला कळली. त्यानं एक जुना प्लंबर दिला. भडगावकडचा म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणायचे. तोंडात तंबाखू, बोलणं अगदी मोजकं.

आठवड्यानं आम्ही गेलो. वाटेत मी त्यांना वहिनीचं सगळं बोलणं सांगितलं होतं. सकाळचे दहा-साडेदहा असतील. पाणी यायला अवकाश होता, तरी आबांनी बाहेरचा मुख्य कॉक बंद केला, गच्चीवरची टाकी रिकामी केली आणि पाइपातलं उरलंसुरलं पाणीही काढून टाकलं. मग बोळातली आणि मोरीतली भिंत छिन्नीनं उघडली. आत पाइप दिसला तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटली. एक क्लिप नाही. दोन-तीन ठिकाणी लाकडाच्या कपच्या घुसवलेल्या, त्याही वाळून गळून पडलेल्या. हातानं हलवला तरी पाइप विटेवर वाजत होता. हवेची नळी नव्हतीच. नकाशात होती.

आबा म्हणाले, “हाई बठ्ठं आंधळं काम शे.” सगळंच आंधळं. माझ्याकडे बघून नाही म्हणाले.

त्यांनी करवतीनं पाइप कापला. तुकडा निघाला, दोन्ही तोंडं उघडी पडली. टीचा तीनतोंडी सांधा बसवायला ते आटे पाडत होते, मी क्लिपांच्या जागा खडूनं आखत होते. वहिनी आमच्यासाठी चहा घेऊन मोरीच्या दारात उभी होती. तिघंही एकाच ठिकाणी होतो. घरात चौथं कुणी नव्हतं.

मागच्या खोलीत ठोके पडले. तीन.

आबांचा हात आट्यांवर थांबला. मी कापलेल्या पाइपाकडे पाहिलं. त्यात पाण्याचा टिपूस नव्हता. बाहेरच्या लाइनशी त्याचा संबंधही तुटलेला होता. वहिनीनं कपबश्या खाली ठेवल्या.

आबा म्हणाले, “ऊन लागनं का पाइप वाजस.” आणि पुन्हा आटे पाडू लागले.

ते खरं आहे. तापला की लोखंडी पाइप ताणतो, वाजतो. पण ती भिंत उत्तरेची होती. तिच्यावर ऊन येत नव्हतं, हे आबांना माझ्याइतकंच दिसत होतं.

दुपारपर्यंत काम झालं. हातभर अंतरावर क्लिपा मारल्या, नळाजवळ हवेची नळी उभी केली, आखूड दांड्याचा नळ काढून हळूहळू फिरवून बंद करायचा साधा नळ लावला. दोनला पाणी आलं. मी नळ उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, बंद केला. दहा वेळा केलं. घर गप्प होतं. आबांनी उघडी भिंत बुजवायला घेतली.

तेव्हा वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. पहिल्यांदाच मोरीत आली होती. हात पदरात गुंडाळलेले.

“ताई, एक विचारू? सासूबाई असताना पण मी धावत जायची आणि त्या झोपलेल्या असायच्या. ते पाणीच असेल ना?”

“हो. तेच असेल.”

“मग त्या दिवशीचं पण…”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मला तिचं आधीचं बोलणं आठवलं. तोवर ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती धारेकडे बघत बसली होती. म्हणजे नळ चालू होता. पाणी वाहत असताना दणका बसत नाही. नळ बंद केला, वाहतं पाणी एकदम अडलं, तरच बसतो. आणि करंगळीएवढ्या धारेत तो बसून बसून किती बसणार? शेजारच्या घराची लाइन वेगळी होती, तिकडून यायचाही प्रश्न नव्हता. त्या दिवशी भिंत पाण्यानं वाजवली नव्हती.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“पाणीच होतं,” मी म्हणाले. “जुनं पाइपकाम. पाणीच होतं वहिनी.”

तिनं डोळे मिटले. मग उठून नळाखाली हंडा ठेवला आणि पाणी सोडलं. आबा थापी घेऊन पाठमोरे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांची थापी भिंतीवर जरा वेळ तशीच टेकून राहिली. चाळीस वर्षं नळाचं काम केलेला माणूस तो. त्यांना कळलं असणार.

पुढचा महिनाभर मी कॉलनीतलं घरन् घर तपासत फिरले. निम्म्या घरांत तोच प्रकार होता. लोक म्हणायचे, हो, वाजतं खरं, आम्हाला सवय झाली. आम्ही सगळीकडे नळ बदलले. ठेकेदारानं बरेच दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. त्यानंतर मात्र गिलाव्याआधी पाइप बघितल्याशिवाय मी कुठे सही केली नाही, आणि माझ्यावर हसणाऱ्यांनाही ती शिस्त लागली.

वहिनी अधूनमधून भेटायची. चेहरा भरला होता. नळाचं पाणी वापरायला लागली होती, खोलीत खाट टाकली होती. एकदा तिनं मला कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, अंगणात लावलेली जाई दाखवली. घराविषयी काही बोलली नाही. मला वाटलं, खोटं बोलले ते सत्कारणी लागलं.

वर्षभरानं मी धुळं सोडलं आणि जळगावला नोकरी धरली. तिकडून एकदा कामासाठी धुळ्याला गेले होते. परतताना अमळनेरला एक काम होतं, म्हणून अमळनेरची गाडी पकडली. कंडक्टर पुढून तिकिटं फाडत आला आणि मला बघून हसला. वहिनीचा नवरा. गाडीत गर्दी नव्हती. तिकिटं आटोपून तो माझ्या पुढच्या सीटवर उलटा तोंड करून बसला. त्यांना मुलगी झाली होती. तो खूश होता.

“ताई, तुमचे उपकार आहेत,” तो म्हणाला. “ती फार खंगली होती. म्हणायची, आईनं बोलावलं आणि मी गेले नाही. तुम्ही पाणी म्हणून सांगितलंत, तेव्हापासून सुटली.”

मी काही तरी बोलले. बाहेर कापसाची शेतं मागे जात होती.

“मला तर आधीच माहीत होतं, ती आई नव्हती,” तो म्हणाला.

“कसं?”

“आई वाजवणार कशानं? ही माहेरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच आईचा तो हात पण गेला. बोट हलत नव्हतं. मी चमच्यानं पाणी घालत होतो. ही आली तेव्हा गाडीची वेळ झाली होती, घाईत सांगायचं राहिलं. संध्याकाळी घरी पोचलो तर सगळं आटोपलेलं. मग सांगवेना. म्हटलं, हिला वाटेल, अशी अवस्था असताना मला एकटीला टाकून गेला. आणि हात हलत नव्हता म्हटलं असतं तर विचारलं असतं ना तिनं, मग वाजवलं कुणी? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.” तो मोकळेपणानं हसला. “आता आहे. पाणी!”

मी हातातलं तिकीट उलटसुलट केलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

“सांगू का तिला आता?” त्यानं विचारलं. “हाताचं?”

मी विचार केला. तिला पाणी पुरलं होतं. वर हे कळलं तर सासूबाईंनी बोलावलंच नव्हतं याची खात्रीच पटेल, ओझं उरणार नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या. न जुळणारी गोष्ट फक्त माझ्यापाशी होती: नळ चालू होता.

“सांगा,” मी म्हणाले. “नक्की सांगा.”

त्यानं सांगितलं असणार, कारण दिवाळीला तिचं पत्र आलं. तिनं मुलीचं वजन, दात, पहिलं पाऊल सगळं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: ‘आता मला कसलीच शंका राहिली नाही, ताई.’

मी उत्तर लिहिलं. मुलीसाठी झबलं पाठवलं. बाकी काही लिहिलं नाही.